आण्णांचे कान आणि दोन लिटरचा डबा

"काकू, काल रात्री आवाज येत होता का ओ आमच्याकडचा?"

मी कुरडयांचं ताट भिंतीवर ठेवायला आणि पलीकडून शेजारणीनं तगरीतनं तोंड काढायला एकच गाठ पडली. आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढी. वाळवण घालायला सोयीची आणि बोलायला त्याहून.

"आवाज यायचा राहिला कुठं? पण शब्द म्हणशील तर एक नाही. तीन तास नुसतं धुम्म धुम्म. माझ्या मांडणीवरची फुलपात्री एकमेकींवर आपटत होती, पण खून कुणी केला ते काही शेवटपर्यंत कळलं नाही बघ."

"आम्हाला तरी कुठं कळलं!" असं म्हणून ती अशी हसली की हातातला पाण्याचा पाइप कुरडयांवर वळता वळता राहिला. "ह्यांनी चार वेळा रिमोट घेऊन आवाज वाढवला. तरी आण्णांचं चालूच, काय म्हणाला रं तो? काय म्हणाला?"

आण्णा म्हणजे तिचे सासरे. हयातभर तंबोरे केलेला माणूस. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीच्या आसपास ज्यांची हयात गेली, त्यांच्या कानाबद्दल बोलायचं म्हणजे जपूनच बोलावं लागतं. पण गेल्या महिन्यात गल्लीत बातमी फुटलीच, की आण्णांना कमी ऐकू यायला लागलंय. दूधवाल्या मावशींनी मला सांगितलं, मी कुणाला सांगितलं नाही. म्हणजे फक्त समोरच्यांना सांगितलं.

"मग तपासलं का कान?"

"तपासले की. दवाखान्यात काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहेत. आण्णा चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. म्हणाले, तंबोऱ्याच्या जवारीखालचा दोरा केसभर सरकला तरी मला कळतंय, आणि तुम्ही मला भैरा ठरवायला निघालाय."

तेव्हाच माझ्या मनात आलं, की ज्याला जवारी ऐकू येते त्याला नटाचं बोलणं ऐकू येत नसेल, तर खोट नटाच्या नरड्यात नाही आणि आण्णांच्या कानातही नाही. ती त्या मधल्या पेटाऱ्यात आहे. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी अठ्ठावीस वर्षं काढली. अनुनाद नळीत पाणी वरखाली करून, ध्वनिकाटा वाजवून, 'मॅडम, इथं मोठा येतोय' असं ओरडणारी किती पोरं पाहिली असतील, त्याला गणती नाही. नळीची लांबी जुळली की ती नळी गायला लागते. पेटारा तरी वेगळा काय करणार?

"येऊन बघू का गं?"

"या की! पण ह्यांच्यासमोर डबा म्हणू नका. एन्क्लोजर म्हणायचं त्याला."

गेले. हॉलमध्ये टीव्हीखालच्या कप्प्यात हे एन्क्लोजर आडवं घातलेलं. लांबी नव्वद सेंटीमीटर. दोन टोकांना सहा इंची वूफर, त्यांच्या आत दोन चार इंची मिडरेंज, मधोमध ट्वीटर. पाठीमागं नळी. स्पीकर लॅमिंग्टन रोडवरनं आणलेले, चांगल्यातले. डबा मात्र घरीच, बारा मिलीमीटरच्या प्लायचा, वरून अक्रोडाचं विनियर. दिसायला अगदी लग्नातली पेटी. मी बोटाच्या पेरानं टकटक केलं, तर म्हणालं, ठण्ण.

"छान घुमतंय ना?" तिचा नवरा कौतुकानं म्हणाला.

"घुमतंय तेच तर," मी म्हटलं.

मग त्याला म्हटलं, मागच्या नळीच्या तोंडावर तळहात घट्ट धर. त्यानं धरला. मी पाची बोटं वर्तुळात ठेवून वूफरचा कागद हलकेच आत दाबला. आणि त्याच्या शेजारचा तो चिमुकला मिडरेंज, ज्याला कुणी हातही लावला नव्हता, तो आपणहून बाहेर आला. मी बोटं उचलली, तो आत गेला. परत दाबलं, परत बाहेर. ती बघतच राहिली. "अगंबाई, हा तर सासूच्या तालावर नाचणारा नवरा निघाला!" म्हणाली, आणि नवऱ्याकडं बघून गप्प बसली.

गोष्ट एवढीच आहे. वूफर आणि मिडरेंज एकाच पोकळीत. वीज वेगवेगळी जाते, क्रॉसओव्हरचा कपॅसिटर मिडरेंजपर्यंत खर्ज पोचू देत नाही, हे सगळं खरं. पण आतली हवा एकच आहे ना. वूफर पाठीमागं ढकलतो ती हवा मिडरेंजच्या पाठीत गुद्दा घालते. पडद्यावर स्फोट झाला की त्याच क्षणी बोलणाऱ्या माणसाचा आवाज हिंदकळतो. माणसाचं बोलणं साधारण शंभर हर्ट्झपासून चार हजारांपर्यंत पसरलेलं असतं. स्वर खालच्या बाजूला, व्यंजनं वरच्या. 'त' की 'प' हे ज्या बारीक फुंकरींवरून ओळखायचं, त्या बहुतेक दोन हजारांच्या वर. आणि घरच्या सिनेमात हे जवळजवळ सगळं बोलणं एकट्या मधल्या स्पीकरवर टाकलेलं असतं. बाजूचे दोघं पाऊस पाडतात, मागचे दोघं हेलिकॉप्टर फिरवतात. घर चालवतो हा मधला.

दुसरी भानगड लांबीची. नव्वद सेंटीमीटरची पोकळी म्हणजे आडवी ठेवलेली अनुनाद नळीच, दोन्ही तोंडं बंद असलेली. आवाजाचा वेग पुस्तकात ३४३ मीटर देतात तो वीस अंशांचा. आपल्या वैशाखात ३५० धरा. अर्धी लहर नव्वद सेंटीमीटरची झाली की १९५ हर्ट्झला पहिली घुमी, मग ३९०, मग ५८५. सगळ्या घुम्या नटाच्या घशातच. हंड्यात तोंड घालून बोललं की कसं होतं, तसं तो माणूस दोन महिने बोलत होता. आणि मागची ती नळी! पंधरा सेंटीमीटरची. ती हजार हर्ट्झच्या आसपास स्वतःची शीळ घालते आणि आतला बुळबुळीत आवाज भोकातनं बाहेर सोडते.

"पण काकू," तिचा नवरा म्हणाला, आणि त्याचा चेहरा बघून मला जरा वाईटच वाटलं, "नळीनं बेस वाढतो. सगळ्या मोठ्या कंपन्या नळी देतात."

देतात. त्यात खोटं काही नाही. नळीच्या डब्याचं पेटंट १९३२ चं, अमेरिकेतल्या बेल लॅबमधल्या ॲल्बर्ट थुरास यांचं. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जी हूंऽ येते, तिलाच कामाला लावायचं. वूफरच्या पाठीमागं जो आवाज फुकट जातो तो नळीतनं उलटा करून पुढं आणायचा. खर्ज फुकटात मिळतो. पण फुकटाचं कसं असतं, तुला माहितीये. ज्या सुराला नळी लावलीय त्याच्या खाली गेलं की ती साथ सोडते. बंद डबा सप्तकामागे १२ डेसिबलनं उतरतो, हा २४ नं कोसळतो, आणि स्पीकरचा कागद मोकाट सुटतो, धरायला मागं हवाच नाही. आता मला सांग, तुझ्या हॉलच्या कोपऱ्यात तो मोठा काळा सबवूफर आहे. खर्जाला त्याला ठेवलाय. मग या मधल्यालाही खर्जाचा सोस कशाला? एका घरात दोघांना एकाच कामाला लावलं की काय होतं, ते विचार तुझ्या बायकोला.

"दिवाळीचा चिवडा," ती पटकन म्हणाली. ती गोष्ट पुन्हा केव्हातरी.

इतका वेळ आण्णा सोफ्याच्या पार उजव्या टोकाला बसून ऐकत होते. ती त्यांची जागा. खिडकीपाशी, पंख्याखाली. मी तिथं जाऊन त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, लाव बघू एक सीन. लावला. खरंच, मला पण निम्मं कळेना. उठून सोफ्याच्या मध्यावर बसले, बरंच कळायला लागलं. परत टोकाला, परत गेलं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दोन मिडरेंज, त्यांच्या केंद्रांत तीस सेंटीमीटरचं अंतर, दोघंही तेच वाक्य बोलतात. समोर बसलं तर दोघांचा आवाज एकदमच पोचतो. पण सोफ्याचं टोक साधारण तीस अंशांवर. तिथं एकाचा आवाज दुसऱ्याहून पंधरा सेंटीमीटर जास्त चालून येतो. पंधरा म्हणजे तीसची अर्धी. तीस सेंटीमीटरची लहर साडेअकराशे हर्ट्झच्या आसपास येते, आणि तिथं दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. एकाचा डोंगर, दुसऱ्याची दरी. उरतं शून्याच्या जवळपास. ट्वीटरच्या दोन बाजूंना दोन मिडरेंज ही मांडणी जोसेफ डॅपोलितो यांनी १९८३ मध्ये नावारूपाला आणली, पण ती उभी. उभी असताना ही मारामारी वर छताकडं आणि खाली फरशीकडं होते, तिथं कोण बसतंय? टीव्हीखाली मावेना म्हणून लोकांनी ती आडवी केली, आणि मारामारी सोफ्यावर आली.

"म्हणजे माझे कान बरे आहेत," आण्णा म्हणाले.

"कान बरे आहेत, आण्णा. तुमची जागा वाईट आहे."

आण्णांनी सुनेकडं पाहिलं. सुनेनं नवऱ्याकडं. नवऱ्यानं रिमोटकडं. चहा झाला तो वेलदोड्याचा झाला, एवढं सांगते.

पुढचे पंधरा दिवस भिंतीवर दुसरा विषय नाही. भाजी निवडताना डबा, कपडे वाळत घालताना डबा. तिच्या नणंदेसाठी स्थळं बघणं चाललंय, तर तिला सवयच लागलीय प्रत्येक गोष्टीची चौकशी करायची. "काकू, बिनडब्याचा पण असतोय म्हणे?"

असतो. नुसत्या फळीत स्पीकर बसवायचा, पाठ उघडी. माझ्या भावानं विश्रामबागेत असा केलाय. आवाज इतका मोकळा की गाणारा खोलीत येऊन बसतो. डबाच नाही, तर डब्याची घुमी कुठून येणार? सिगफ्रीड लिंकविट्झ यांच्यासारख्या जाणत्या माणसानं आयुष्याची शेवटची बरीच वर्षं अशा उघड्या फळ्यांवर घालवली, ती काय उगाच? पण पाठीमागं तेवढाच आवाज जातो, बाजूंना दोन्ही एकमेकांना खोडतात, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फैलाव होतो. म्हणून भिंतीपासून चांगला मीटरभर पुढं आणून ठेवावा लागतो. भावाच्या हॉलमध्ये तो मीटरभर पुढं आला, आणि दुसऱ्याच आठवड्यात वहिनीनं त्यावर टॉवेल वाळत घातला. टीव्हीच्या कप्प्यात तर त्याला घालायची सोयच नाही.

"आणि ते लांब नळकांड्याचं?"

ते ट्रान्समिशन लाइन. जुन्या वाड्यात मागच्या दाराला जायला बोळ असतो ना, वळणावळणाचा, तसा स्पीकरच्या पाठीमागं बोळ काढायचा, त्यात लांब धाग्याची लोकर भरायची. आवाज त्यात शिरला की चालून चालून दमतो आणि तिथंच झोपतो. इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या आर्थर बेली यांनी १९६५ मध्ये हा प्रकार मांडला. वूफरसाठी करायचा तर कपाटाएवढी जागा जाते. पण मिडरेंजसाठी त्याचं धाकटं रूप फार गोड आहे. पाठीमागं निमुळती होत जाणारी बंद नळी. बोवर्स अँड विल्किन्सनी १९९३ मध्ये नॉटिलस काढला, तो अख्खा शंखासारखा दिसतो, आणि प्रत्येक स्पीकरच्या पाठीमागं अशीच निमुळती शेपटी. त्याची किंमत मी तिला सांगितली नाही. नवरा तिथंच उभा होता.

कर्ण्याचा प्रश्नच नव्हता. कर्णा म्हटला की तिच्या डोळ्यासमोर गणपतीतली डॉल्बी येते. त्या दहा दिवसांत आम्ही दोघी भिंतीवर खुणांनी बोलतो.

राहिला बंद डबा. त्याच्याबद्दल मी जरा जास्त बोलले असेन, कारण मला तो माणूसच आवडतो. एडगर विलचर. न्यूयॉर्कमध्ये शिकवायचा. त्या काळी बंद डबा म्हणजे नुसती मोठ्ठी खोकी. डब्यातली हवा स्पीकरला अडवते म्हणून डबा जितका मोठा तितका बरा, असं सगळे धरून चालायचे. विलचर म्हणाला, अडवते कशाला म्हणता, तीच स्प्रिंग आहे. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं दाबून दांडा ढकलून बघा, कसा परत येतो. स्पीकरची स्वतःची झालर ढिली करून टाका, कागदाला मागं आणायचं काम डब्यातल्या कोंडलेल्या हवेवर सोपवा. हवा कधी थकत नाही, आणि ओढते ती दोन्हीकडं सारखी. मग पहिला नमुना करायला ढिली झालर आणायची कुठून? गादीच्या खोळीचं कापड घेतलं, आणि त्या झालरीचा नमुना त्याच्या बायकोनं आखून दिला. ती आधी नकाशे-आराखडे काढायचं काम करायची. १९५४ मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये हेन्री क्लॉस या आपल्या विद्यार्थ्याबरोबर त्यानं कारखाना काढला. फडताळात मावेल एवढ्या डब्यातनं असा खर्ज यायला लागला की लोकांनी मोठी खोकी विकून टाकली.

"बायकोचं नाव आलं का कुठं?" तिनं विचारलं.

"रोझमेरी. माझ्या तरी लक्षात राहिलंय."

आणि पुढची गंमत ऐक. कारखाना विकल्यावर हाच विलचर कानाच्या मशीनच्या मागं लागला. कमी ऐकणाऱ्याला हळू आवाज वाढवून द्यायचा, पण मोठा आवाज कानावर आदळू द्यायचा नाही, तेही वरच्या-खालच्या पट्ट्यांना वेगवेगळं, अशी युक्ती त्यानं १९७३ मध्ये मांडली आणि पेटंट न घेता सगळ्यांसाठी मोकळी सोडली. आज बहुतेक श्रवणयंत्रं त्याच वाटेनं जातात. हे मी आण्णांना मुद्दाम सांगितलं. ते म्हणाले, "मग त्याला दोन्ही बाजू कळत होत्या म्हणा की."

आण्णांनी मात्र मध्येच एक घोटाळा केला. त्यांच्याकडं माळ्यावर तीन भोपळे शिल्लक होते, पंढरपूरकडचे, चांगले पिकून वाळलेले. म्हणाले, चौकोनी डबा कशाला? भोपळ्याला कोपरा नाही, समोरासमोर भिंत नाही, ह्यात बसवू. आणि मला क्षणभर पटलं! आरसीएचे हॅरी ओल्सन यांनी १९५१ मध्ये वेगवेगळ्या आकारांचे डबे मोजून दाखवले होते. पुढच्या तोंडाला टोकदार कडा असल्या की आवाज त्या कडांवर फुटतो, आणि गोल सगळ्यांत गुळगुळीत निघाला होता. मी तसं बोलूनही गेले. सून म्हणाली, "म्हणजे आता टीव्हीखाली भोपळा?"

आण्णा भोपळा घेऊन आले. बोटानं वाजवला. असा सुंदर बोलला तो, की सगळे गप्प झाले. मग त्यांनीच तो खाली ठेवला. थोडा वेळ त्याच्याकडं बघत बसले आणि म्हणाले, "नाही चालायचं. ह्याला मी बोलायला शिकवलंय. तार छेडली की ह्यानं आपल्या पदरचं घालून ती मोठी करायची. तबली पातळ करत करत आणायची, टिचकी मारत मारत, ती बोलेपर्यंत. तुमच्या ह्या खोक्यानं आपल्या पदरचं काहीच घालायचं नाही म्हणताय. बोलणारा दुसराच आहे." चाळीस वर्षं टिचकी मारून ठण्ण शोधणारा माणूस तो. त्या संध्याकाळी सुताराच्या दुकानात जाऊन पहिल्यांदा ठप्प शोधायला लागला.

रामन यांनी १९२१ मध्ये तंबोऱ्याच्या जवारीवर लिहिलं होतं, हे मी त्यांना सांगायला गेले, तर म्हणाले, "ते राहू दे, प्लाय किती जाड घ्यायचं ते सांगा."

अठरा मिलीमीटर. आणि मध्ये आडव्या पट्ट्या, एकाच अंतरावर नाहीत. नवीन आराखड्यात दोन वूफर टोकांना तसेच राहिले, पण नळी गेली. मिडरेंज एकच ठेवला आणि ट्वीटर त्याच्या बरोबर डोक्यावर. आता आडव्या रांगेत साडेअकराशेवर भांडायला कुणी उरलंच नाही. वूफर दोन आहेत, पण ते साडेतीनशेच्या खालीच बोलतात, तिथं लहर मीटरभर आणि त्याहून लांब, सोफ्याच्या टोकाला तितकं बिघडत नाही. आणि मिडरेंजच्या पाठीमागं त्याची स्वतःची बंद खोली.

ती खोली किती मोठी? याचा हिशोब मी कुरडयांच्या ताटाशेजारी, दुधाच्या बिलाच्या पाठीवर केला. ऑस्ट्रेलियातल्या थील आणि स्मॉल या दोघांनी १९६० आणि ७० च्या दशकांत हे सगळं इतकं सोपं करून ठेवलंय की बारावीच्या पोरानं करावं. स्पीकरच्या कागदावर तीन आकडे छापलेले असतात. याचे होते असे. स्वतःचा सूर ८५ हर्ट्झ, क्यू, म्हणजे तो किती घुमतो याचा आकडा, ०.३५, आणि ज्या हवेची स्प्रिंग त्याच्या झालरीइतकीच ताठ ती ६ लिटर. बंद डब्यात क्यू ०.७ च्या आसपास आला की उतार सगळ्यांत सरळ. ०.७ ला ०.३५ नं भागलं, दोन. दोनाचा वर्ग चार. त्यातनं एक वजा, तीन. सहा लिटरला तीननं भागलं, दोन लिटर. सूर दुप्पट होऊन १७० वर जाईल. क्रॉसओव्हर साडेतीनशेवर, म्हणजे वर एक सप्तक मोकळं.

"दोन लिटर? आमचं रोजचं दूध?" ती म्हणाली.

तेवढंच. सुताराचा तर विश्वासच बसेना. त्यानं दोनदा फोन करून विचारलं, वीस म्हणायचंय का मॅडमना? मी म्हटलं दोन, आणि स्पीकरचं मागचं लोहचुंबक जेवढी जागा खातं तेवढं वर धर. खोलीची सगळ्यांत मोठी बाजू चौदा सेंटीमीटर. तिची घुमी साडेबाराशेवर जाते. तीही बोलण्यातच पडते हे कबूल, पण इतक्या वरची घुमी कापूस खाऊन टाकतो. नव्वद सेंटीमीटरच्या १९५ ला मारायला गादीभर कापूस घातला असता तरी ती हसली असती. शिवाय मागची फळी तिरकी बसवली. कापूस म्हणजे उशीतलं फायबर, पिंजून मोकळं केलेलं. ठासायचं नाही. आण्णांनी ते असं भरलं की जणू लोड भरतायत. सांध्यांना एम-सील. वायर जिथून आत जाते तिथंही. फुगा फुगवताना जशी वारा जायची भीती, तशी इथं. बंद डब्याला फट राहिली की तो बंद राहत नाही.

जमलं का हे बघायला मी परत ती पाच बोटांची परीक्षा घेतली. वूफर दाबला. मिडरेंज जागचा हलला नाही. मग मिडरेंजच दाबला, अगदी हळू. तो बोटं सोडल्यावर रुळत रुळत परत आला, दरवाजाच्या क्लोजरसारखा. आण्णांनी पेरानं टकटक केलं. ठप्प. "मेलेला आहे," म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी हा शब्द कौतुकानं वापरला.

बसवताना तीन गोष्टी राहिल्या होत्या. कप्प्यात मागं सरकवून ठेवलेला डबा पुढं ओढून त्याचं तोंड फडताळाच्या कडेबरोबर आणलं, नाहीतर पुढची फळीच अर्धं बोलणं खाते. खाली रबराची दोन बुचं लावून तोंड किंचित वर केलं, कारण तो इतके दिवस सगळ्यांच्या गुडघ्यांशी बोलत होता. आणि ॲम्प्लिफायरमध्ये मधल्या स्पीकरपुढं 'लार्ज' लिहिलेलं होतं ते 'स्मॉल' केलं. तिचा नवरा दुखावलाच. एवढा मोठा डबा केला आणि स्मॉल? अरे, तो अपमान नाही. टीएचएक्सवाल्या टॉमलिन्सन होल्मन यांनी घरच्या सिनेमासाठी ८० हर्ट्झची रेघ आखली, तिच्या खालचं सगळं सबवूफरकडं. बंद डब्याचा स्वतःचा उतार १२, ॲम्प्लिफायरचा आणखी १२, मिळून २४. सबवूफर वरच्या बाजूनं २४ नंच उतरतो. दोघं एकाच पायरीवर भेटतात. नळीच्या डब्याचे स्वतःचेच २४, त्यात हे १२ मिळवले की पायऱ्या चुकल्या.

रविवारी लावला. मला बोलावलं नव्हतं. म्हणजे ती म्हणाली की बोलावणार होती, पण नणंदेला बघायला अचानक सांगलीची मंडळी आली आणि त्यांनाच सिनेमा दाखवला.

सोमवारी सकाळी मी भिंतीवर पापडाचं कापड पसरत होते.

"काकू, काल आवाज आला का ओ?"

आणि मला आठवेचना. फुलपात्री वाजली नव्हती. धुम्म नाही, काही नाही. मी साडेनऊला गाढ झोपले होते.

"काहीच आलं नाही गं. लावलाच नव्हता काय?"

"लावला की! पण आता बोलणं कळतंय तर वाढवतंय कोण? ह्यांनी एकदा पण रिमोटला हात लावला नाही. आणि आण्णा त्यांच्या कोपऱ्यात बसून काय म्हणाले सांगू? म्हणाले, हा नट फार वाईट बोलतो, ळ ला ल म्हणतो."

"आणि मुलगा? सांगलीचा?"

तिनं इकडंतिकडं पाहिलं. तगर बाजूला केली. भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवली.

"तेच तर सांगायला आले मी. तो सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसला होता..."

कावळ्यानं एक पापड उचलला तो तेव्हाच. मी काही हात हलवला नाही.